हस्ताक्षरी देवनागरी फाँट : रचना आणि उपयोजन

महाविद्यालयातील निमंत्रणपत्रिका, भित्तिपत्रकांची शीर्षके आणि वार्षिकांकांची मुखपृष्ठे आता बहुतांशी संगणकावरच सिद्ध होतात. अशा प्रासंगिक मजकुराला आपुलकीचा स्पर्श लाभावा म्हणून नाजूक, काहीशा खट्याळ वळणाचे हस्ताक्षरी फाँट योजले जातात. त्यांतील सहजता वस्तुतः काटेकोर नियोजनाचे फलित असते आणि देवनागरीत हे नियोजन विशेष बिकट ठरते.

हाताने लिहिताना आपण बहुधा आधी अक्षरे लिहितो व शिरोरेषा मागाहून ओढतो; ती मध्येच तुटते, कधी खाली उतरते. फाँटमध्ये मात्र प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा शिरोरेषेचा तुकडा सोबत घेऊनच येते. कोणत्याही अक्षराशेजारी कोणतेही अक्षर येऊ शकत असल्याने हे तुकडे दोन्ही टोकांना एकाच उंचीवर व सारख्याच जाडीने जुळावे लागतात. परिणामी रेषेची थरथर केवळ मधल्या भागातच साधता येते. दुसरी अडचण पुनरावृत्तीची. ‘मामा’ या शब्दात तंतोतंत सारखे दोन ‘मा’ शेजारी आले की हस्ताक्षराचा आभास भंगतो. ओपनटाइप तंत्रात एकाच अक्षराची पर्यायी रूपे साठवून ती आलटून पालटून योजता येतात. परंतु जोडाक्षरांमुळे मुळातच मोठी असलेली चिन्हसंख्या त्यामुळे आणखी वाढते. इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केलेल्या ‘कलम’ या फाँटमध्ये, ज्याची तिरकी अक्षरे बॉलपेनने लिहिल्यासारखी भासतात, प्रत्येक जाडीच्या संचात १००० हून अधिक चिन्हे आहेत.

मराठीच्या अध्यापकांना अधिक जिव्हाळ्याचा प्रश्न ‘ल’ आणि ‘श’ यांचा आहे. यांची मराठी वळणे हिंदीहून भिन्न असून २००९ च्या शासन निर्णयाने ती प्रमाण ठरविली. युनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना संकेतांक एकच. म्हणजे मराठी रूप फाँटमध्ये समाविष्ट असावे लागते. ते पर्यायी रूप म्हणून दिलेले असल्यास मजकुराची भाषा मराठी असल्याचे संगणकाला सांगावेही लागते. अनेकदा दोष फाँटला दिला जातो आणि चूक असते ती या दुसऱ्या पायरीवर. अर्ध्या ‘ऱ’ची गोष्ट याहून गंभीर आहे. फाँटमध्ये ते चिन्ह नसेल तर अक्षर मोडून दिसते. टंकलेखकाने रफार देऊन वाट काढली, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातली सहल समुद्रावर जाते!

नाजूक रेषांची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. झेरॉक्स प्रतीत सर्वप्रथम अनुस्वार नाहीसा होतो, त्यामागून वेलांटीचा वळसा. म्हणून हे फाँट शीर्षकापुरते व मोठ्या आकारातच योजावेत. सूचनाफलक व प्रश्नपत्रिका यांसाठी ते सर्वथा अयोग्य होत. निवडीपूर्वी ‘लाल’, ‘शाळा’, ‘मामा’, ‘दऱ्या’ आणि ‘संमेलन’ हे पाच शब्द प्रत्यक्ष छपाईच्या आकारात काढून त्यांची एक झेरॉक्स प्रत पाहावी. त्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.