कॅमेरा समोरच्याचाही असतो: देवनारच्या दोन प्राध्यापकांची माहितीपटांची वाट

गारपीट झाली किंवा एखाद्या घरात कर्ता माणूस गेला, की दुसऱ्या दिवशी दारात कॅमेरे येतात. दोन मिनिटं बोलायला लावतात, रडणं टिपतात आणि पुढच्या गावाला जातात. आपलं काय दाखवलं, कसं दाखवलं, हे त्या घराला कुणी सांगत नाही. आता तर कॅमेरा आपल्या सगळ्यांच्याच खिशात आहे. म्हणून आज दोन माणसांची ओळख करून द्यायची आहे. कॅमेरा कसा धरायचा, या एकाच गोष्टीवर त्यांनी हयात घालवली.

अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर. नवरा-बायको. मुंबईत देवनारला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस आहे. तिथं दोघं माध्यम विषयाचे प्राध्यापक होते, आता निवृत्त आहेत. शिकवता शिकवता दोघांनी मिळून चाळीसहून जास्त माहितीपट केले, देश-परदेशातले तीसहून जास्त पुरस्कार मिळवले.

माहितीपट म्हटलं की आपल्या जुन्या माणसांना थिएटरात सिनेमाच्या आधी लागणारी फिल्म्स डिव्हिजनची रीळं आठवतात. वरून एक भारदस्त आवाज सांगायचा, देश कसा पुढं चाललाय. ज्याच्यावर फिल्म, तो बिचारा मुका. स्वतंत्र माहितीपट म्हणजे याच्या उलटं. विषय बनवणाऱ्यानं स्वतः निवडायचा, खात्याचा किंवा कंपनीचा हुकूम नाही. आता हुकूम नाही म्हणजे पैसाही बेताचाच. तिकीट काढून माहितीपट बघायला कोण जातो? त्यामुळं पोट भरायला दुसरी सोय लागते. या दोघांची सोय मास्तरकीनं झाली, आणि पोरं शिकली हा वरचा नफा.

१९९५ साली त्यांनी वारली आदिवासींवर ‘कहानकार : अहंकार’ ही फिल्म केली. वारल्यांबद्दल बाहेरच्या लोकांनी, इंग्रज काळापासून, बरंच लिहून ठेवलंय. त्या लिखाणासमोर फिल्ममध्ये वारल्यांच्या स्वतःच्या गोष्टी आणि चित्रं येतात. दोन्ही शेजारी ठेवलं की कोण कुणाला कमी लेखत होतं ते आपोआप कळतं. वेगळं भाषण करावं लागत नाही.

दोन वर्षांनी येरवडा कारागृह. कैद्यांमधल्या कवी आणि चित्रकारांवर ‘वायसीपी १९९७’ नावाची फिल्म. आपल्याला कैदी म्हटलं की आधी कलम विचारायची सवय. इथं आधी कविता येते.

२००१ च्या ‘साचा’मध्ये कवी नारायण सुर्वे आणि चित्रकार सुधीर पटवर्धन आहेत. विषय गिरण्यांची मुंबई. १९८२ च्या संपानंतर कोकण-घाटावरच्या किती घरांची मनीऑर्डर बंद झाली, हे आपल्या भागात सांगायला नको. मग २००३ ला ‘नाता’. १९९२-९३ च्या दंगलीनंतर धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोन मित्र मोहल्ल्यांत सलोखा टिकवायला फिरत होते, त्यांची ही गोष्ट.

मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात भारी काम कच्छमधलं. २०११ ची ‘सो हेड्डाँ सो होड्डाँ’, म्हणजे जसं इथं तसं तिथं. फाळणीआधी कच्छचे गुराखी रण ओलांडून सिंधमध्ये गुरं घेऊन जायचे, तिकडचे इकडं यायचे. मग सरहद्द आली, चराई तुटली. शाह अब्दुल लतीफ भिटाई या सिंधी सूफी कवीचं काव्य मात्र अलीकडच्या बाजूलाही जिवंत राहिलं. फिल्ममध्ये ते काव्य कुणी पंडित समजावत नाही. आधी गुरं राखणारा आणि आता शेती करणारा माणूस समजावतो. सोबत एक ट्रक ड्रायव्हर आहे. तो सुरंदो वाजवतो. मोराच्या आकाराचं पाच तारांचं हे वाद्य त्या भागात आता फार थोडं उरलंय. या फिल्मला २०१३ मध्ये ब्रिटनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या महोत्सवात बॅसिल राइट पुरस्कार मिळाला.

दोघांनी स्वतंत्र माहितीपटांवर पुस्तकही लिहिलं, २०१६ साली. नाव ‘अ फ्लाय इन द करी’, म्हणजे आमटीत पडलेली माशी! राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. नावामागं गंमत आहे. परदेशी माहितीपटवाल्यांत एक विचार होता, की कॅमेऱ्यानं भिंतीवरच्या माशीसारखं राहावं. गप बसायचं, बघायचं, कुणाला कळू द्यायचं नाही. पण तुम्हीच सांगा, अनोळखी माणूस कॅमेरा घेऊन घरात शिरला तर घर नेहमीसारखं राहील का? माशी आमटीत पडलेलीच असते. मग लपण्यापेक्षा आपण इथं आलोय हे कबूल करावं आणि समोरच्याशी बरोबरीनं बोलावं, हे बरं.

आणखी एक भानगड सांगितली पाहिजे. माहितीपट जाहीर दाखवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. २००३ मध्ये मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवानं भारतीय फिल्मांना ते सक्तीचं केलं. परदेशी फिल्मांना मात्र सक्ती नव्हती. देशभरचे माहितीपटवाले एकत्र आले, अट मागं घ्यावी लागली. पण नंतर निवडीतच बऱ्याच अडचणीच्या फिल्मा गळल्या. तेव्हा २००४ मध्ये त्यांनी मुंबईतच ‘विकल्प’ नावाचा आपला महोत्सव भरवला. पुढं विकल्पची चळवळ झाली आणि हे दोघं तिच्यात राहिले.

२०१७ ला ते पुन्हा कच्छमध्येच गेले आणि ‘झीनी बीनी चदरिया’ केली. भुजोडी गावातली तरणी पोरं रोज रात्री जमून भजनं म्हणतात, लखपतच्या बायका बाप्यांची मक्तेदारी मोडून जाहीर गातात, आणि एक वस्ताद जोडिया पावा, म्हणजे एकाच वेळी फुंकायच्या दोन बासऱ्या, वाजवतो आणि पोरांना शिकवतो.