आधी बोट टोचायचं

सकाळचे साडेअकरा वाजले होते. अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दरदरून घाम सुटलेला, हात थरथरत होते आणि काही विचारलं तर उत्तर अर्ध्यावर तुटत होतं. सासूबाई म्हणाल्या, "कंप वाढलाय गं, बाराची गोळी आत्ताच दे." मी डबी उघडलीसुद्धा. मग लक्षात आलं, थरथर दोन्ही हातांना आहे. अप्पांचा नेहमीचा कंप उजव्या हाताचा. हात मांडीवर टेकवून बसले की अंगठा आणि तर्जनी जपमाळ ओढल्यासारखी फिरत राहतात. पेला उचलायला गेले की ती बोटं जरा थांबतात. हे तसलं नव्हतं. बोट टोचलं तर मशीनवर 58.

पार्किन्सन्स आणि डायबेटिस एकाच माणसाला असले की एकाची लक्षणं दुसऱ्याच्या नावावर खपतात. शुगर उतरली की थरथर, घाम, गोंधळ. पार्किन्सन्सच्या गोळीचा असर उतरला तरी कंप वाढतो आणि काहींना घामही येतो. त्यात पार्किन्सन्समुळे चेहरा असा कोरा होतो की त्यावरून काही वाचता येत नाही. म्हणून आमच्या घरी आता वाद घालत बसत नाही, आधी बोट टोचतो. फक्त त्याआधी बोट साबणानं धुवायचं. एकदा आमरसाच्या वाटीनंतर मशीननं 310 दाखवले आणि आमची तंतरली. हात धुऊन पुन्हा पाहिलं तर 164.

शुगर 70च्या खाली असेल तर तीन चमचे साखर अर्धा कप पाण्यात विरघळवून द्यायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. वर आली की लगेच काहीतरी खायला द्यायचं. पार्किन्सन्समध्ये गिळणंही मंदावतं, म्हणून ताठ बसवून, घोट घोट. माणूस गुंगीत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

त्या दिवशी 58 का आले, याचं उत्तर सकाळच्या क्रमात सापडलं. अप्पांची पार्किन्सन्सची गोळी म्हणजे लेव्होडोपा. ती पोटात नाही, पुढे लहान आतड्यात शोषली जाते. तिथलं दार तिला प्रथिनांच्या घटकांबरोबर वाटून घ्यावं लागतं आणि मेंदूच्या दाराशी पुन्हा तीच रेटारेटी. दूध, वरण, अंडं यांच्या बरोबर घेतलेली गोळी मागे पडते ती यामुळे. शिवाय या दोन्ही आजारांत जठर हळू रिकामं होतं, मग गोळी आतच रेंगाळते. म्हणून ती साध्या पाण्याबरोबर, जेवणाआधी किमान अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने. प्रथिनं तोडायची मात्र नाहीत. म्हातारपणी स्नायू आधीच झडत असतात. गरज पडली तर त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात न्यायचा, तोही डॉक्टरांना विचारून.

त्या सकाळी अप्पा उशिरा उठले. आम्ही पार्किन्सन्सची आणि शुगरची गोळी एकदमच दिली आणि लगेच उपमा पुढे ठेवला. हात अजून आखडलेले. चार घास झाले आणि बशी बाजूला सरली. उपमा अर्धा, शुगरची गोळी मात्र अख्खी! डॉक्टरांनी मग क्रमच लावून दिला: आधी लेव्होडोपा, पाऊण तासाने हात मोकळे झाले की बशी, आणि शुगरची गोळी बशी समोर आल्यावरच. इन्शुलिन घेणाऱ्यांनी त्याची वेळ आपापल्या डॉक्टरांकडून अशीच बसवून घ्यावी. आमचे डॉक्टर एवढंही म्हणाले की या वयात शुगर थोडी वर राहिली तरी चालेल, वारंवार खाली जायला नको.

आणखी एक भानगड खाजकुयलीची. तिच्या बियांत लेव्होडोपा असतोच, म्हणून ओळखीचं कुणीतरी प्रेमानं कवचबीजाचं चूर्ण आणून देतं. म्हणजे न मोजलेला जादा डोस. आम्ही डबी ठेवून घेतली, उघडली नाही.

उठताना चक्कर येते त्यालाही दोन्ही आजार जबाबदार, आणि लेव्होडोपाचाही हात असतो. पाच मिनिटं आडवं ठेवून बीपी घ्यायचं, मग उभं करून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा 20नं किंवा खालचा 10नं घसरला तर ते आकडे डॉक्टरांना दाखवायचे. तोवर पलंगाच्या कडेला पाय सोडून जरा बसवायचं, मग उठवायचं.

पायांचं तर विचारू नका. पार्किन्सन्समुळे ते दारातच जमिनीला चिकटतात, आणि डायबेटिसमुळे तळव्याला खडा रुतला तरी कळत नाही. रोज रात्री मी टॉर्च घेऊन बोटांच्या बेचक्यांसकट तळवे बघते. पहिले काही दिवस अप्पांना संकोच वाटायचा. आता टॉर्च दिसला की तेच पाय पुढे करतात.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. आमच्या घरात शुभंकर तिघं, म्हणून फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. त्यावर गोळ्यांच्या वेळा आहेत आणि खाली लाल शाईत दोन ओळी, हॉस्पिटलात भरती करावं लागलं तर दाखवायला: लेव्होडोपा एकाएकी बंद करू नका, वेळेवरच द्या, आणि उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नका, त्यानं पार्किन्सन्स बळावतो. त्याची एक प्रत अप्पांच्या पाकिटात, साखरेच्या पुडीला गुंडाळून.