कंबरदुखी : कारण व काळजी

लासलगांवच्या बाजारांत कांद्याची गोण पेलणाऱ्या हमालाची कंबर धरली, तर नवल वाटत नाहीं. परंतु नाशकांत खुर्चीवर बसून लिहिणाऱ्याची कां धरावी?

कमरेच्या कण्यांत पांच मणके असून त्यांच्यामध्यें लवचीक चकत्या असतात. प्रौढपणीं चकतीच्या गाभ्यास रक्तवाहिन्या नसतात; पोषण झिरपून मिळतें, व त्यास हालचालीची मदत होते. १९९९ सालीं जर्मनींत एका मनुष्याच्या चकतींत दाबमापक बसवून पाहिलें. पुढें ओणवून बसतांना दाब उभें राहण्याहून अधिक भरला. वीस किलोंचें ओझें पाठ वांकवून उचलतांना चौपटीहून अधिक, तेंच अंगाशीं धरून उभें राहिल्यास सुमारें दुप्पट. तेव्हां घागर असो कीं द्राक्षांची पेटी, गुडघे मोडून, अंगालगत ओढूनच उचलावी.

दाब म्हणजेच दुखणें नव्हे. बहुतेकांच्या दुखण्याचें नेमकें कारण सांपडतच नाहीं, व कांहीं आठवड्यांत तें उतरतें. पूर्वीं रोग्यास फळीवर निजवून ठेवीत; तो उपाय मला शिक्षेसारखाच वाटे, आणि आतां वैद्यकानेंही तो सोडला आहे. सोसेल तितकें चालावें, तासाभरानें आसन सोडावें. मात्र पाय लुळा पडूं लागला, मांड्यांमध्यें बधिरता आली किंवा लघवीवरील ताबा गेला, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.