अडकलेला पिस्टन आणि न उघडणारे प्रश्न

माझे वडील माध्यमिक शाळेत शिक्षक होते. जवळजवळ वीस वर्षे ते ज्या जावा २५० मोटारसायकलवरून शाळेत गेले ती गाडी पुढे गोठ्याशेजारच्या पडवीत पोत्यांखाली तितकीच वर्षे उभी राहिली. ती पुन्हा चालू करायचे ठरवले तेव्हा माझी समजूत होती, की साफसफाई केली, चार सुटे भाग आणले की झाले. प्रत्यक्षात पहिले दोन महिने भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांची उजळणी करण्यातच गेले. ही उजळणी शाळेत शिकवणाऱ्यांना उपयोगी पडेल असे वाटल्याने हा लेख.

जावा हे नाव यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांच्या आद्याक्षरांतून आले. १९२९ साली चेकोस्लोव्हाकियात यानेचेक यांनी वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचा आराखडा विकत घेतला, तेव्हाची ही गोष्ट. भारतात म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून ही गाडी बनू लागली. पुढे तिचेच रूप येझदी म्हणून आले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. म्हणजे आज जो सिलिंडर फुटेल तो दुकानात जाऊन मूळचा नवा आणता येईल अशी खात्री नाही. घाई करायची नाही, याचे कारण एवढेच.

मी घाई केलीच. पहिल्या दिवशी किक हलेना म्हणून मी तिच्यावर चक्क उभा राहिलो. वडील ओट्यावरून म्हणाले, "अरे, अडकलंय काय ते आधी बघ." इंजिनाचे वरचे झाकण, म्हणजे हेड काढले. पिस्टन मधोमध रुतून बसला होता आणि सिलिंडरच्या भिंतीवर तपकिरी गंज होता.

या इंजिनात पिस्टनचा व्यास ६५ मि.मी. आणि त्याची धाव ७५ मि.मी. असते. यांवरून २५० घनसेंटिमीटर हा आकडा विद्यार्थ्यांना काढायला सांगावा, तो जवळजवळ २४९ येतो. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, त्याच्या कडा व सिलिंडर बिडाचे. दोहोंत फट असते ती मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी. लोखंडाचे ऑक्साइड झाले की त्याचे आकारमान मूळ धातूच्या दुपटीहून अधिक होते. ते फुगते तेव्हा त्याला जायला जागा नसते, त्यामुळे गंज पाचरीसारखे काम करतो.

पाचर सैल करायला गंजलेल्या भागात पातळ तेल मुरवतात. फटीत शिरायला ताकद लागत नाही, केशाकर्षण लागते. रॉकेलचा दाटपणा (विष्यंदिता) वंगणाच्या तेलाच्या मानाने फारच कमी, म्हणून ते अरुंद फटीत शिरते. मात्र एक नियम ध्यानात ठेवावा : अशा फटीत द्रव जितका खोल जाईल तितका त्याचा वेग मंदावतो आणि वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्धा सेंटिमीटर जायला एक दिवस लागला, तर एक सेंटिमीटरला चार दिवस. आम्ही रॉकेल आणि गिअरचे तेल यांचे मिश्रण ओतून बारा दिवस थांबलो. रोज सकाळी वडील त्यात थोडे तेल भरत. माझ्याकडून एवढा धीर धरवला नसता.

तरीही पिस्टन हलला नाही. आता उष्णतेचा विचार आला. येथे विद्यार्थी हमखास चुकतात. प्लेटला भोक आहे आणि ती तापवली तर भोक लहान होईल की मोठे? पुष्कळजण 'लहान' म्हणतात, कारण धातू 'आत' फुगेल असे त्यांना वाटते. वास्तविक भोकही त्याच प्रमाणात मोठे होते. सिलिंडर तापवला की त्याची पोकळीही रुंदावते. पण पिस्टनसह सारेच सारखे तापवले तर? ॲल्युमिनियमचा प्रसरणांक दर अंशाला सुमारे २३ दशलक्षांश आणि बिडाचा सुमारे ११ दशलक्षांश. शंभर अंशांनी तापवल्यास ६५ मि.मी. व्यासाचा पिस्टन सुमारे ०.१५ मि.मी. वाढेल, सिलिंडरची पोकळी सुमारे ०.०७ मि.मी. म्हणजे पकड ढिली होण्याऐवजी ०.०८ मि.मी. घट्ट होईल! "गरम करा, सुटेल" हा सल्ला नेहमी खरा नाही, हे मला कागदावर आकडे मांडल्यावरच कळले.

उपाय असा : सिलिंडर तापवायचा आणि पिस्टन थंड ठेवायचा. रॉकेल मुरलेले असताना आग वापरणे शक्यच नव्हते. म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घालून ती पिस्टनच्या माथ्यावर ठेवली आणि सिलिंडरच्या पात्यांवर कढत पाणी ओतले. सिलिंडर ४० अंशांनी वर आणि पिस्टन २० अंशांनी खाली गेला, तर प्रत्येकाचा वाटा सुमारे ०.०३ मि.मी., एकूण ०.०६. एवढीच केसाच्या जाडीची जागा! लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकले आणि पिस्टन एक मिलिमीटर खाली गेला. नंतर गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचे चाक मागेपुढे हलवत राहिलो, तासाभरात तो पूर्ण सुटला.

स्पार्क प्लगच्या भोकातून ग्रीस दाबून पास्कलच्या नियमाने पिस्टन ढकलण्याची युक्तीही काहीजण वापरतात. चार-स्ट्रोक इंजिनात वरच्या व्हॉल्व्ह बंद असतील तर ती चालते. दोन-स्ट्रोक इंजिनात सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात. आमच्या पिस्टनने त्या उघड्या ठेवल्या होत्या, त्यामुळे ग्रीस तिथूनच बाहेर पडले असते.

आता टाकीकडे वळू. तिला तळाशी भोक होते. मी ती एका वेल्डरकडे ठेवली. परत गेलो तेव्हा त्याने टाकी "रिकामी" आहे म्हणून गॅसची ज्योत पेटवली होती. मी ओरडूनच त्याला थांबवले.

पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ ते ७.६ टक्के असेल तर ती भडकते. याहून कमी असल्यास इंधन अपुरे, जास्त असल्यास हवा अपुरी. १३ लिटरच्या टाकीत हे प्रमाण गाठायला किती पेट्रोल लागते? दोन टक्के म्हणजे पाव लिटर वाफ. पेट्रोलच्या रेणूंचे सरासरी वजन १०० धरले, तर ती फक्त एक ग्रॅम पेट्रोलपासून होते. चहाचा एक चमचा पेट्रोल पूर्ण वाफ झाले तरी मिश्रण अजून भडकण्याच्या पट्ट्यातच असते. आणि एवढे पेट्रोल तळाच्या शिवणीत आणि गंजात सहज दडून राहते. म्हणून पेट्रोलने भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक धोक्याची. ती आधी साबणाच्या पाण्याने अनेकदा धुऊन मग काठोकाठ पाण्याने भरतात. फक्त डाग देण्याच्या जागेपुरती हवा राहावी अशी ती तिरकी ठेवतात. शाळेत वाहनांच्या वर्कशॉपचे तास घेणाऱ्यांनी हे गणित फळ्यावर मांडावे, अशी माझी विनंती आहे.

टाकीच्या आतला गंज विद्युत-अपघटनाने काढला. लिटरमागे एक चमचा धुण्याचा सोडा घालून टाकी भरली. टाकी ऋण ध्रुवाला, आत रबराने अलग ठेवलेली साध्या लोखंडाची सळई धन ध्रुवाला. बॅटरी चार्जर लावताच टाकीच्या आतल्या पृष्ठभागावरून हायड्रोजनचे बुडबुडे येऊ लागतात आणि गंज सुटतो, काही अंशी त्याचे क्षपणही होते. हे उघड्यावरच करावे आणि चिमटे काढण्याआधी चार्जर बंद करावा, नाहीतर हायड्रोजनला ठिणगी मिळेल. धनाग्राला स्टेनलेस स्टीलची सळई मात्र चुकूनही वापरू नये, त्यातले क्रोमियम विषारी संयुगाच्या रूपाने पाण्यात उतरते.

वायरिंग आणि ठिणगीचे भाग यांत फारसे काही नव्हते, संपर्कबिंदू पॉलिश पेपरने घासले, कंडेन्सर नवा घातला. पेट्रोलचा मात्र विचार करावा लागला. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारचे रबर त्यात फुगते वा कडक होते. म्हणून सगळ्या नळ्या आणि वायसर बदलले. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवत नाही. या इंजिनात पेट्रोलमध्येच तेल मिसळतात, लिटरमागे सुमारे ३० ते ४० मि.लि. ते विसरले तर सारे श्रम वाया.

अकराव्या किकला इंजिन चालू झाले. पडवीभर निळा धूर झाला आणि वडील खोकत खोकत ओट्यावरून उठून आले. गाडी अजून अंगणाबाहेर गेलेली नाही. ब्रेकचे लायनर जुने आहेत आणि त्या काळच्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, त्यामुळे ड्रम उघडून फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचे. ते बदलून होईपर्यंत वडील रोज संध्याकाळी ती सुरू करतात, दोन मिनिटे ऐकतात आणि बंद करतात.