सांताचा चेहरा कोरणारे हात

संपादकांनी नाताळच्या अंकासाठी सांता क्लॉजवर लेख मागितला. लाल डगला, पांढरी दाढी, पाठीवर पोतं आणि ढेरपोट्या हसरा म्हातारा. आज मॉलच्या दारापासून बालवाडीच्या स्नेहसंमेलनापर्यंत सगळे त्याला ओळखतात. हा चेहरा आला कुठून, याचा माग काढत मी एकोणिसाव्या शतकातल्या एका लाकडी ठोकळ्यापाशी येऊन थबकलो.

सांताची अधिकृत कुळकथा थोडक्यात अशी. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या हुंड्यासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोनं टाकलं, अशी आख्यायिका आहे. डच लोकांनी या संताला सिंटरक्लास म्हटलं आणि त्यांच्या वस्तीबरोबर तो न्यूयॉर्कला पोहोचला. 1823 साली अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या एका वर्तमानपत्रात निनावी कविता छापून आली आणि आठ रेनडिअरांची घसरगाडी, धुराड्यातून घरात उतरणं हे सगळं लोकांच्या तोंडी झालं. वर्णन झालं, पण चेहरा पक्का नव्हता. कुणी त्याला बिशपच्या झग्यात काढी, कुणी बुटक्या यक्षासारखा.

तो चेहरा पक्का केला थॉमस नॅस्टने. जन्म 1840, जर्मनीतल्या लांडाऊ गावी. सहाव्या वर्षी आईबरोबर तो न्यूयॉर्कला आला. त्याच्या मुलखात नाताळात पेल्त्सनिकल नावाचा केसाळ कातडं पांघरलेला म्हातारा येई. शहाण्या पोरांना खाऊ आणि वांडांना छडी देई. पंधराव्या वर्षी नॅस्ट एका सचित्र साप्ताहिकात नोकरीला लागला आणि पुढे ‘हार्पर्स वीकली’त गेला. अमेरिकेत तेव्हा उत्तर आणि दक्षिणेत यादवी युद्ध पेटलं होतं.

आता त्या ठोकळ्याकडे वळू. वर्तमानपत्रात फोटो छापण्याची सोय तेव्हा नव्हती. चित्र छापायचं तर बॉक्सवुड नावाच्या अतिशय घट्ट लाकडावर कोरावं लागे. फळी उभी न चिरता खोड आडवं कापून चकत्या काढत, म्हणजे कोरणी कुठल्याही दिशेला फिरवली तरी लाकूड ढलपत नाही. ठोकळ्याची उंची शिशाच्या खिळ्यांइतकीच ठेवत, म्हणजे मजकूर आणि चित्र एकाच वेळी छापता येई. अडचण एकच होती. बॉक्सवुडचं झाड बारीक खोडाचं, त्यातून दोन पानांएवढा ठोकळा निघायचा कसा? म्हणून लहान लहान ठोकळे मागच्या बाजूने बोल्टांनी आवळून एक मोठा पृष्ठभाग करत. त्यावर पांढरा हात देऊन नॅस्ट थेट पेन्सिलीने चित्र काढी, तेही उलटं. डाव्या हातातली तलवार छापल्यावर उजव्या हातात येई.

चित्र पुरं झालं की बोल्ट ढिले होत आणि एकेक ठोकळा एकेका कारागिराच्या पुढ्यात जाई. सुटे करण्याआधी मुख्य कारागीर सांध्यावरच्या रेषा कोरून घेई, म्हणजे पुन्हा जोडताना त्या जुळाव्यात. कुणाकडे आकाश, कुणाकडे घोड्याचे पाय, कुणाकडे दाढी. एकट्याला आठवडे लागले असते, ते काम अनेक जण मिळून अंकाच्या वेळेत उरकत. जी रेषा छापायची ती तशीच उभी राही, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड निघे. एक चूक झाली तर भरपाई कठीण. आणि कोरता कोरता चित्रकाराची मूळ पेन्सिल पुसली जाई. मागे उरे ते कारागिराच्या हातचं चित्र. त्या काळच्या मोठ्या चित्रांचे स्कॅन वाढवून पाहा, काहींत सांध्याची केसाएवढी पांढरी रेघ अजून दिसते.

‘हार्पर्स वीकली’च्या 3 जानेवारी 1863 च्या अंकाचं मुखपृष्ठ असंच ठोकळ्यावर कोरलेलं. काही आठवड्यांपूर्वीच फ्रेडरिक्सबर्गला उत्तरेच्या फौजेची धूळधाण झाली होती. नॅस्टने सांताला सरळ छावणीत आणलं. अंगात ताऱ्यांचा कोट, पट्ट्यांची विजार, म्हणजे चक्क राष्ट्रध्वज. सैनिक भोवती जमलेत, एकाला मोजा मिळालाय. सांताच्या हातात दोरीवर नाचणारी बाहुली आहे, ती दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांची, आणि दोरी गळ्याभोवती. मुलांचा लाडका सांता जन्मतःच राजकारणात उतरला होता.

पुढची दोन दशकं नॅस्ट त्याला काढत राहिला. उत्तर ध्रुवावरचं घर, खेळण्यांची कार्यशाळा, चांगल्या-वाईट मुलांची नोंदवही हे सगळं त्याच्या चित्रांतून घरोघरी रुजलं. न्यूयॉर्कचा भ्रष्ट पुढारी ट्वीड ज्याच्या व्यंगचित्रांना घाबरे, तोच हात नाताळ आला की पोरांसाठी चालायचा. 1881 च्या आरंभी त्याने काढलेला गुबगुबीत, हातात चिलीम घेतलेला सांता आजही ओळखीचा वाटतो.

आणि मग दिवस फिरले. 1880 च्या आसपास छायाचित्राच्या तंत्राने कागदावरचं चित्र थेट छापता येऊ लागलं. कोरणाऱ्यांची गरज उरली नाही. हातात अर्धं आयुष्य मुरलेली विद्या काही वर्षांत मोडीत निघाली. नॅस्टलाही हा बदल मानवला नाही. लाकडावर ठसठशीत उठणारी त्याची रेषा शाईच्या टाकाने कागदावर काढताना तेवढी जोरकस राहिली नाही, असं मलाही ती चित्रं शेजारी शेजारी ठेवून पाहताना वाटलं. 1884 मध्ये ग्रँट अँड वॉर्ड ही पेढी बुडाली, त्यात त्याची पुंजी गेली. 1886 मध्ये ‘हार्पर्स’ सुटलं. 1890 मध्ये नाताळच्या चित्रांचं पुस्तक निघालं, पण संसार सावरला नाही. अखेर 1902 मध्ये वकिलातीची नोकरी पत्करून तो इक्वेडोरमधल्या ग्वायाकिलला गेला आणि डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, पीतज्वराने वारला.

सांता मात्र पुढे गेला. 1931 पासून हॅडन संडब्लॉमने कोका-कोलासाठी रंगवलेला सांता जगभर पोहोचला, आणि सांताला लाल रंग त्या कंपनीने दिला हा समजही. हा समज खोटा आहे; लाल डगल्यातला सांता त्याआधी कितीतरी वर्षं मासिकांत छापला जात होता. ज्याच्याकडे जाहिरातीचा पैसा, त्याच्या नावावर श्रेय जमा होतं.

आपल्या घरातली लक्ष्मी-सरस्वतीही अशीच छापखान्यातून आली. 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या छापखान्यामुळे राजा रविवर्म्याचं नाव घरोघरी झालं. त्याच्या चित्रांचे रंग शिळेवर उतरवणाऱ्या हातांची नावं किती जणांना ठाऊक आहेत? नॅस्टची सही चित्राच्या कोपऱ्यात आहे. दाढीचा एकेक केस सोडवणाऱ्यांची नावं तिथे बहुधा नाहीत.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात जुना छापखाना बंद पडला असेल, तर तिथले ठसे आणि ब्लॉक भंगारात किलोवर जाण्याआधी एकदा बघून या. ज्यांनी ते केले, वापरले, त्यांतलं कुणी हयात असेल तर त्यांना बोलतं करा, नाव लिहून ठेवा आणि ठसा जवळच्या ग्रंथालयात किंवा संग्रहालयात नावासकट द्या.