कोऱ्या जागेचं वजन

सॅन फ्रान्सिस्कोच्या पोट्रेरो हिल भागात ‘सॅन फ्रान्सिस्को सेंटर फॉर द बुक’ ही संस्था आहे. मेरी ऑस्टिन आणि कॅथलीन बर्च यांनी ती १९९६ मध्ये सुरू केली. पुस्तकबांधणी आणि छपाई तिथे हातांनी शिकवली जाते. वर्षातून एकदा ही मंडळी रस्त्यावर कागद अंथरून, मोठाल्या लिनोच्या ठशांवरून चक्क रोड रोलर फिरवून चित्रं छापतात. पण त्या उत्सवापेक्षा मला महत्त्वाचा वाटतो तो तिथला खिळेछपाईचा पहिला वर्ग.

वर्गातली यंत्रं व्हँडरकूक बनावटीची. शिकागोच्या या कंपनीची सुरुवात १९०९ ची. हे यंत्र मुळात मोठ्या छपाईसाठी नव्हतंच; जुळवलेल्या मजकुराचं प्रूफ काढणं एवढंच त्याचं काम. सपाट लोखंडी पाटावर खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, मांडायचे, कागद पकडलेला रूळ हाताने त्यांच्यावरून फिरवायचा, की छाप उमटला. ऑफसेट आल्यावर छापखान्यांना त्याची गरज उरली नाही आणि ते चित्रकारांच्या, हौशी छपाईवाल्यांच्या हाती आलं. एकेक प्रत निगुतीने काढण्याचा त्याचा गुण त्यांच्या पथ्यावर पडला. मात्र शेकडो किलोंचं हे धूड घरात कोण ठेवणार? म्हणून सामायिक छापखाना. ठरलेले वर्ग पूर्ण करणाऱ्याला पुढे यंत्र तासांच्या भाड्याने वापरता येतं.

पहिली ओळख होते ती केसची, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीची. अमेरिकेत रुळलेल्या ‘कॅलिफोर्निया जॉब केस’मध्ये ८९ खण असतात. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारं अक्षर ‘ई’, म्हणून त्याचा खण सर्वांत मोठा आणि हाताशी. मोठी अक्षरं उजवीकडे वर्णक्रमाने, पण ‘जे’ आणि ‘यू’ मात्र झेडच्याही नंतर, कारण ही दोन अक्षरं लिपीत स्वतंत्र म्हणून उशिरा रूढ झाली. खिळा उचलायचा, त्याच्या अंगावरची खाच वर येईल असा धरायचा आणि स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या छोट्या चौकटीत, डावीकडून उजवीकडे बसवत जायचं. ओळ उलटी दिसते. बी, डी, पी, क्यू ही अक्षरं नवख्याला हमखास चकवतात.

पण वर्गाचा खरा वेळ जातो तो अक्षरांत नव्हे, अक्षरं नसलेल्या जागेत. संगणकावर कळ दाबली की जागा सुटते. इथे कोरी जागाही धातूची किंवा लाकडाची असते. दोन शब्दांमध्ये स्पेस, ओळ भरायला क्वाड, दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी, समासाच्या जागी लाकडी ठोकळे. हे सगळं खिळ्यांपेक्षा बुटकं, म्हणून त्याला शाई लागत नाही. खिळ्याची उंची अमेरिकेत ०.९१८ इंच. ओळ स्टिकमध्ये घट्ट बसली पाहिजे. सैल राहिली तर खिळे डगमगतात, छाप बिघडतो. त्यासाठी एक पॉइंट जाडीचे पितळी आणि अर्धा पॉइंट जाडीचे तांब्याचे पत्रे असतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा साधारण बहात्तरावा भाग. त्याचाही अर्धा भाग बोटांना जाणवू लागतो. कागदावरचा मोकळेपणा कुणीतरी मोजून, उचलून, दाबून बसवलेला असतो, हे त्या क्षणी कळतं. पुस्तकाच्या पानाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

मग शाई. ती लागते अगदी थोडी. दाबाबद्दल मात्र दोन मतं आहेत. जुन्या मुद्रकाच्या लेखी कागदाच्या पाठीवर खिळ्यांचे उठाव दिसणं हा दोष होता. आजच्या गिऱ्हाइकाला जाड सुती कागदात खोल रुतलेली अक्षरंच हवी असतात. मी जुन्यांच्या बाजूचा आहे. शिसं, कथील आणि अँटिमनीचा खिळा अति दाबाने झिजतो, आणि नवे खिळे ओतणारे कारखाने आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. खोल ठसा हवाच असेल तर फोटोपॉलिमरची पट्टी वापरावी. संगणकावर केलेली मांडणी तिच्यावर उठावाने उतरते.

या पट्टीने आपल्यालाही वाट मोकळी केली आहे. देवनागरीला मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागत. आपला जुळारी एकाहून अधिक केसांच्या घेऱ्यात उभा असे. जावजी दादाजी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला होते. पुढे त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना उभा केला आणि आपल्या फाउंड्रीच्या अक्षरांनी मराठी-संस्कृत ग्रंथांना देखणेपण दिलं. आज देवनागरी खिळ्यांचा सारा संच जमवणं दुर्घट आहे, पण पॉलिमरवर एखादी मराठी पत्रिका सॅन फ्रान्सिस्कोतल्या व्हँडरकूकवरही छापता येईल. असे वर्ग पुण्या-मुंबईत गल्लोगल्ली निघावेत असं मला मनापासून वाटतं, आणि त्यात अस्सल खिळे हाताळायला मिळावेत, कारण पट्टीत कोरी जागा हाताला लागत नाही.

छापून झाल्यावर यंत्र पुसायचं, हात साबणाने स्वच्छ धुवायचे, कारण शिसं विषारी. खाणंपिणं यंत्राजवळ वर्ज्यच. त्याआधी एक काम उरलेलं असतं, ते टाळता येत नाही: एकेक खिळा त्याच्या खणात परत टाकणं. ‘एन’ जर ‘यू’च्या खणात पडला, तर चूक उमटते ती पुढच्या वर्गातल्या अनोळखी माणसाच्या ओळीत. म्हणून शिकवणारे या कामात घाई करू देत नाहीत. स्पेसही जाडीप्रमाणे वेगळ्या काढून ठेवायच्या असतात, आणि पितळी व तांब्याचे पत्रे आपापल्या जागी.