बोटीवरची सवय घरच्या बोर्डाला चालत नाही



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. ट्रॉलर जेटीला आणि माणसं घरी. जाळी शिवून झाली, इंजिन खोलून झालं की घरातली राहिलेली कामं निघतात. ढिली बटणं, काळवंडलेले सॉकेट ही त्यातलीच. पण भिंती ओल्या असण्याचे दिवसही हेच, म्हणून आज या विषयावर थोडं सविस्तर लिहीत आहोत.

आपल्यातले बरेच जण बोटीवरचं वायरिंग स्वतःच करतात. ती बॅटरी १२ किंवा २४ व्होल्टची. चालू वायरला हात लागला तरी सहसा काही जाणवत नाही. त्याच सवयीने घरचा बोर्ड उघडला जातो. घरात २३० व्होल्ट असतात. ओल्या हाताने, ओल्या जमिनीवर उभं राहून बसलेला झटका जीव घेऊ शकतो.

सॉकेट काळा का पडतो?
आपली हवा खारी. पितळी स्क्रूवर आणि तांब्याच्या तारेवर हिरवट थर चढतो, पकड ढिली होते. ढिल्या जागेतून वीज गेली की ती जागा तापते. आधी प्लास्टिक पिवळं, मग तपकिरी, मग जळका वास. मासे ठेवायचा फ्रीझर रात्रंदिवस चालू, त्यामुळे त्याच्या सॉकेटवर लक्ष ठेवा. असा सॉकेट पुसून, ग्रीस लावून परत वापरू नका, बदलाच. बॅटरीच्या टर्मिनलला ग्रीस ठीक आहे, घरच्या स्विचमध्ये नाही.

बोर्ड उघडण्याआधी
१. बटण बंद केलं म्हणजे वीज बंद झाली असं नाही. बटणाच्या एका बाजूला फेज असतोच. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेलेही सापडतात. मेन स्विच बंद करा.
२. "लाईट गेली आहे तोवर करून घेऊ" असं कधीही करू नका. लाईट कधी येईल ते कुणाच्या हातात नाही.
३. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. मेन बंद असला तरी इन्व्हर्टर वायरीत वीज सोडतो.
४. घरात सगळ्यांना सांगा. मेनजवळ एक माणूस ठेवा, नाहीतर पोरं येऊन चालू करतात.
५. टेस्टर आधी चालू सॉकेटवर लावून बघा, पेटतो ना? मग मेन बंद करून कामाच्या जागेवरच्या सगळ्या तारा तपासा. शेवटी परत चालू असलेल्या जागी तपासा, म्हणजे टेस्टर मध्येच बंद पडला नव्हता याची खात्री होते. मेन बंद असल्याने ही तपासणी शेजारच्या घरी करावी लागेल.
६. हात कोरडे, पायात कोरडी रबरी चप्पल, आणि काम दिवसाउजेडी.

बदलताना
तारा सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. तारेचं हिरवं-काळं टोक कापून टाका, सुमारे १ सेंटीमीटर सोला, पिळा, दुमडून स्क्रूखाली घट्ट बसवा आणि ओढून बघा. उघडं तांबं बाहेर दिसता कामा नये. सॉकेटकडे तोंड करून बघितलं तर वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. जुन्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा किंवा निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ असा रिवाज आहे, पण रंगावर विसंबू नका, टेस्टरनेच ठरवा.

सामान आयएसआय मार्क बघूनच घ्या. ६ अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा साधारण १३८० वॅट, १६ अँपिअरची ३६८० वॅट. २००० वॅटचा गिझर छोट्या सॉकेटवर अडॅप्टर लावून चालवू नका. आणि बारीक वायरीवर नुसता १६ अँपिअरचा सॉकेट बसवून उपयोग नाही, आग वायरीतच लागते.

इथे थांबा, वायरमन बोलवा
बल्ब, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलणं वेगळं. नवा पॉइंट काढणं, वायरिंग वाढवणं हे परवानाधारक कंत्राटदाराचंच काम, नियम तसाच आहे. बॉक्समध्ये पाणी, वायरीचं कव्हर तडकलेलं, हिरवी अर्थची तारच नाही, किंवा वायर आखूड पडते, यांपैकी काहीही दिसलं तरी हात काढा.

आणखी एक. एमसीबी जादा लोड आणि शॉर्टसर्किटपासून वायरीला वाचवतो. माणसाला झटक्यापासून वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. घरात नसेल तर वायरमनकडून बसवून घ्या, अर्थिंगही तपासून घ्या. असेल तर त्याचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, मेन पडला पाहिजे.

कुणाला झटका बसून तो चिकटला तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने त्याला वायरीपासून दूर करा आणि १०८ ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहा.

१ ऑगस्टला घरचा माणूस समुद्रात गेल्यावर हीच बटणं बायका-पोरांच्या हाताखाली असतील. त्याआधीच घरातला एकेक सॉकेट बघून घ्या.

आपला,
सचिव